राणी, सहा, चार

“चपला कुठे काढायच्या हो?” मी दारातल्या माणसाला विचारलं.

तो गडबडला. त्यानं आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या रमाकांतकडे. रमाकांत माझा धाकटा भाऊ. म्हापशाला त्याचं टायरचं दुकान आहे, आणि हसू आवरता येईल अशी जागा त्याला अजून सापडलेली नाही.

“अगं ताई, देऊळ नव्हे गो ते! घालूनच चल.”

समोर लाल गालिचा होता, असा जाड की पाय टाकायला संकोच वाटावा. मांडवीच्या पात्रात नांगर टाकून उभी असलेली ती बोट. लहान होडीतून आम्ही तिच्यापाशी आलो होतो. होडीत मी एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं कपाळ सांभाळत बसले होते. सकाळी देवीला अभिषेक झाला होता आणि पुजाऱ्यानं बोटभर ओलं कुंकू माझ्या कपाळावर थापलं होतं. श्रावणातल्या त्या दमट हवेत ते वाळायचं नाव घेत नव्हतं, आणि देवीच्या हातचं म्हणून मला ते पुसवत नव्हतं.

आम्ही गडहिंग्लजचे, पण आमची कुलदेवता गोव्याची, फोंड्याच्या बाजूची. दरवर्षी श्रावणात एका शुक्रवारी आम्ही दोघं नवराबायको तिथे जातो आणि देवळाच्या अग्रशाळेत उतरतो. त्या वर्षी मात्र मी नुसती ओटी भरायला आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला कौल लावायचा होता. आमच्याकडे पुजारी मूर्तीवर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार.

प्रश्न आमच्या शर्वरीचा होता.

“पेडण्याचा आहे, आई. वल्लभ केरकर. बी.कॉम. झालाय. आई अंगणवाडीत शिकवते, वडील नाहीत,” तिनं पुण्याहून येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला सांगितलं होतं.

“आणि नोकरी?”

“पत्ते वाटतो. पणजीला, बोटीवरच्या कॅसिनोत.”

माझ्या हातातली पळी तशीच राहिली होती. आमच्या यांनी दोन दिवस जेवताना तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तू काय ते ठरव. तू हो म्हणालीस तर माझं हो. पुढे मी एका शब्दानं बोलणार नाही.” शर्वरीनंही तेच केलं. “तुझं नाही असेल तर मी थांबेन, आई. पळून बिळून जाणार नाही. पण मग दुसरीकडे बघूही नकोस.”

दोघांनी मिळून सगळं माझ्या पदरात टाकलं आणि मोकळे झाले. मग मी ते देवीच्या पदरात टाकायचं ठरवलं. पण अग्रशाळेत आल्यापासून मला चैन पडेना. देवीवर भरवसा नव्हता असं नव्हे. पाकळी पडली की मला ती मानावीच लागणार होती, आणि ज्याच्यासाठी मानायची त्या मुलाला एकदा डोळ्यांनीही न बघता मानायची, हे काही मनाला पटत नव्हतं. यांचे गुडघे धरले होते, ते खाटेवर पडून राहिले. मी रमाकांतला फोन लावला. त्याचं त्या बोटीवर जाणं-येणं असतं हे मला माहीत होतं. दर राखीपौर्णिमेला मी त्याला त्यावरूनच बोलते.

“तू? तिथे?” तो म्हणाला. “ताई, उपासानं डोकं फिरलं काय तुझं?”

“दुपारी जायचं आणि दिवेलागणीच्या आत परतायचं. माझं स्तोत्र चुकता कामा नये. आणि त्याला सांगायचं नाही कोण ते.”

लग्न होऊन आल्यापासून दिवेलागणीचं स्तोत्र मी कधी चुकवलेलं नाही. बाळंतपणातसुद्धा पडल्या पडल्या मनात म्हटलंय.

आत गेलो आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की तिथे खिडकी नव्हती. भिंतीवर घड्याळही नव्हतं. बाहेर भर दुपार होती, पण आत वेळच नव्हती. नुसते पिवळे दिवे, यंत्रांची टिंगटिंग आणि थंडगार हवा. रमाकांतला विचारावं तर त्याचं घड्याळ दुकानात राहिलेलं, आणि फोनची बॅटरी होडीतच संपलेली.

“तो बघ,” रमाकांत माझ्या कानाशी म्हणाला. “कोपऱ्यातलं टेबल. तीन पानांचं.”

मी शर्वरीच्या फोनवर फोटो पाहिला होता. फोटोत तो हसत होता. इथे तो हसत नव्हता. काळं जाकीट, पांढरा सदरा. जाकिटाला खिसे नव्हते, मनगटावर घड्याळ नव्हतं, बोटांत अंगठी नव्हती. त्याचे हात तेवढे हलत होते, बाकी सगळा तो स्थिर उभा होता.

आम्ही बसलो. त्यानं वर पाहिलं. माझ्याकडे, माझ्या कपाळाकडे, पुन्हा माझ्याकडे. त्याचे हात क्षणभर थांबले. मग त्यानं दोन्ही तळवे टेबलावर उताणे केले, पालथे केले, आणि मान जराशी मागे वळवून काळ्या कोटातल्या एका माणसाला इंग्रजीत हळू काही सांगितलं. तो माणूस, त्याला सगळे मेनेझिससाहेब म्हणत होते, त्यानं सभोवार नजर टाकली आणि मान हलवली. आता नाही, नंतर.

आला कंटाळा, मी मनात म्हटलं. म्हातारं गिऱ्हाईक बघून पळ काढायला बघतोय. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध पहिली रेघ पडली.

“नमस्कार, सर. नमस्कार, मॅडम,” तो म्हणाला. आवाज मऊ होता.

तिकिटाबरोबर आम्हाला थोड्या चकत्या मिळाल्या होत्या. त्या खेळण्यापुरत्याच, परत देऊन पैसे मिळत नाहीत, म्हणून मी त्या हातात धरायला तयार झाले होते. रमाकांत खाली वाकून मला खेळ समजावू लागला.

“हे बघ, आपली तीन पत्ती ती हीच. एक चकती आधी ठेवायची. तो आपल्याला तीन देतो, स्वतःला तीन घेतो. आपली बघायची. दम असेल तर आणखी एक चकती ठेवायची, नाही तर पानं टाकून द्यायची. जोड, रंग, रन, सगळं आपल्या गणपतीतल्यासारखंच. फरक एवढाच, आपण एकमेकांशी खेळत नाही. सगळे त्याच्याशी.”

“त्याच्याशी नाही,” मी हळूच म्हटलं. “बोटीशी.”

मला हा खेळ ठाऊक होता. शर्वरीनंच तो मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर पत्ते मांडून शिकवला होता, रागारागानं, मी अबोला धरला होता त्या दिवशी. “तो खेळत नाही, आई! त्याला काही ठरवायचंच नसतं. त्याच्या तीन पानांत राणी किंवा तिच्यावरचं काही असेल, नाही तर निदान जोड, तरच त्याचा डाव धरायचा. नसेल तर तो बाद, समोरच्याला पहिल्या चकतीवर एक मिळते आणि दुसरी जशीच्या तशी परत. आणि खेळणाऱ्यानं काय करावं तेही ठरलेलंच आहे. राणी, सहा, चार. एवढं किंवा याच्याहून भारी असलं तर पुढे जायचं. याच्या खाली पानं टाकायची. डोकं चालवायचं नाही, मन चालवायचं नाही. एवढं पाळूनही शेवटी जिंकते ती बोटच, फक्त हळूहळू.”

“तुला हे कुणी सांगितलं?”

“त्यानंच. म्हणाला, हे नीट कळलं तर माणूस खेळायला यायचाच नाही.”

रमाकांतला मात्र ते कधीच कळलेलं नव्हतं. त्यानं पानं उचललीच नाहीत. दुसरी चकती थाडकन ठेवली आणि वल्लभच्या डोळ्यांत रोखून पाहत म्हणाला, “ब्लाइंड!”

“चालेल, सर.”

“न बघता जातोय. समजलं ना?”

“समजलं, सर.”

“बघ, जरा हललाय तो,” रमाकांत मला म्हणाला.

वल्लभनं स्वतःची पानं उघडली. तिऱ्यांची जोड. मग रमाकांतची उघडली. गुलाम, सात, दुरी. दोन्ही चकत्या त्यानं ओढून घेतल्या, जराही न ओरबाडता, ताटातलं शीत उचलावं तशा.

“आमच्या आळीत सगळे माझा ब्लाइंड बघून पानं टाकतात!” रमाकांत म्हणाला.

“त्याला टाकायची परवानगी नाही रे,” मी म्हटलं. “तू कुणाला घाबरवतोयस?”

वल्लभच्या ओठांचा कोपरा किंचित हलला आणि पुन्हा जागेवर गेला.

मी खेळू लागले. खेळायला आले नव्हते, पण नुसतं बसून राहिलं तर उठवतील म्हणून. पानं उचलायची, राणी-सहा-चारशी ताडून बघायची, पुढे जायचं किंवा टाकायची. मला त्यात काही जड गेलं नाही. आयुष्यभर मी हेच करत आले होते. एकादशी आली की उपास, चतुर्थी आली की चंद्र, आज मन आहे की नाही असं स्वतःला विचारायचं नाही. फक्त मन काही थाऱ्यावर नव्हतं. चकत्या बोटांत फिरवता फिरवता माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्यावर जप मोजतेय. मी दचकून त्या खाली ठेवल्या. टेबलाखाली पाय सारखे हलत होते. चपला केव्हा काढल्या गेल्या ते मलाही कळलं नाही. बसलं की पायातून काढायच्या ही सवय.

मी त्याच्याकडे बघत होते, आणि मला काहीच दिसत नव्हतं. इतका वेळ बसूनही तो मुलगा कसा आहे ते कळत नव्हतं. रमाकांत चिडला तरी तो तसाच. शेजारी बसलेल्या बंगळुरूच्या माणसाला चांगली रन लागली तेव्हाही तसाच. पिठाच्या गिरणीसारखा, घालाल ते दळून देणारा. मध्ये एकदा त्यानं पुन्हा तळवे उताणे-पालथे केले आणि मेनेझिससाहेबांना काहीतरी म्हटलं. त्यांनी या वेळी हातानंच उडवून लावलं. “माणसं कमी आहेत, बाबा. थांब जरा.” हे मात्र मला कळलं. माझ्या मनातली रेघ जाड झाली. हा हातातलं काम सोडून जायला एवढा उतावीळ, तर हा संसार काय करणार?

आणि वेळ? वेळ किती झाली असेल? मला वाटू लागलं, बाहेर कधीच अंधार पडलाय. मी रमाकांतच्या बाहीला धरलं. “उठ आता. तिन्हीसांजा झाल्या असतील.”

“कसल्या तिन्हीसांजा! आत्ता तर आलो. एवढा एक डाव.”

“मघापासून एवढा एकच चाललाय तुझा.”

शेवटी न राहवून मी त्यालाच विचारलं. “दिवस मावळला का हो?”

त्यानं पत्ते पिसता पिसता मान हलवली. “अजून नाही, मॅडम. वर डेकवर बँड सुरू होतो, तेव्हा बाहेर सूर्य बुडतो. आम्ही त्यावरूनच ओळखतो.” मग थोडं थांबून, “ऐकू आला की मी सांगेन तुम्हाला.”

मला ते बरं वाटलं. बरं वाटलं याचाही राग आला. एवढ्याशा गोष्टीवर मुलगी द्यायची का?

त्यानं तिसऱ्यांदा तळवे दाखवले, मेनेझिससाहेबांशी बोलला. ते पाठ फिरवून दुसऱ्या टेबलाकडे निघून गेले. त्यानं नवा डाव वाटला.

मी पानं उचलली. चौकटची राणी. इस्पिकची सहा. किलवरची चौकी.

नेमकी कडेची पानं. याच्या एक पाऊल खाली, आणि टाकायची. मी ती दोन्ही हातांत धरून बसले. एवढं नेमकं ते तेव्हाच का यावं, असा विचार मनात आला. राणी, सहा, चार. पुढे जायचं. नियम सांगत होता पुढे जा. मी दुसरी चकती घ्यायला हात हलवणार, तेवढ्यात छतातून कुठून तरी ढोलाचा ठोका आला, आणि तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला,

“काकू, दिवेलागण झाली.”

माझे हात आपोआप जोडले गेले. वर्षानुवर्षांची सवय. पानं हातातून सुटली. दोन टेबलावर पडली, तिसरं काठावरून घसरून माझ्या मांडीवर आणि तिथून खाली, माझ्या उघड्या पायावर. राणी. माझा पाय तिला लागला होता.

मी काही विचार केला नाही. कागदाला पाय लागला तर काय करायचं ते विचारून करत नाही कुणी. वाकले, उचललं, कपाळाला लावलं, डोळे मिटून एक श्वास घेतला आणि पान टेबलावर ठेवलं.

डोळे उघडले तेव्हा त्याचे दोन्ही हात हवेत होते. त्यानं कशालाच हात लावला नव्हता. तो राणीकडे बघत होता. तिच्या पाठीवरच्या निळ्या नक्षीवर, बरोबर मधोमध, माझं कुंकू उमटलं होतं. ओलं, लालभडक.

“सर,” तो मोठ्यानं म्हणाला. मघापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. “इथे या, प्लीज.”

मेनेझिससाहेब आले. त्यांनी पान पाहिलं, मला पाहिलं, आणि चेहरा बदलला. “मॅडम, कशालाच हात लावू नका. कुणीच लावू नका.”

बंगळुरूच्या माणसानं खुर्ची मागे ओढली. आजूबाजूची माणसं उठून बघू लागली. खुणेचं पान, असं कुणीतरी म्हणालं. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. मी पत्त्यावर खूण केली होती, म्हणजे फसवणारी माणसं करतात तशी.

“अहो, काय समजता काय!” रमाकांत उठून उभा राहिला. “माझी बहीण आहे ती! सकाळपासून पाणी प्यालेली नाही उपासाची! ती तुमचे पत्ते चोरणार?”

“बस, रमाकांत,” मी म्हटलं.

“वल्लभ,” मेनेझिससाहेब म्हणाले, “काय झालं ते सांग. सगळं.”

त्यानं सांगितलं. कोकणी-मराठी मिसळून, माझ्याकडे न बघता, समोर बघत. “मॅडमनी मघाशी विचारलं होतं, दिवस मावळला का. बँड वाजला तेव्हा मी म्हटलं, ‘काकू, दिवेलागण झाली.’ डाव चालू असताना मी ते बोलायला नको होतं. त्यांनी हात जोडले, पान पडलं. पायाला लागलं म्हणून त्यांनी ते कपाळाला लावलं. कुंकू ओलं होतं. पान पडलं ती चूक माझी.”

मेनेझिससाहेबांनी त्याच्याकडे मान वळवली. मग म्हणाले, “काकू?”

वल्लभची नजर टेबलावर गेली.

“सगळ्यांना मॅडम म्हणतोस. इथे काकू कोण?”

त्या वेळी मला पहिल्यांदा समजलं की प्रश्न माझा राहिलेला नाही. टेबलावर ओळखीचं माणूस, त्याच टेबलावर खुणेचं पान, आणि वाटणारा तो. याचा अर्थ काय होतो ते मलाही कळत होतं, मग त्यांना का नाही कळणार. नाही म्हण, मी मनात म्हटलं. माझ्याकडे बघू नकोस आणि नाही म्हण. गावाकडे म्हातारीला काकूच म्हणतात, एवढं सांग आणि सुटून जा. मी, जिनं शर्वरीला लहानपणी एका खोट्यासाठी देवासमोर बसवलं होतं, ती मी त्या मुलानं खोटं बोलावं म्हणून धावा करत होते. शर्वरीसाठी की त्याच्यासाठी, तेव्हा ठरवता आलं नाही.

“ओळखतोस तू यांना?”

“होय, सर,” तो म्हणाला. “त्या बसल्या तेव्हाच ओळखलं. फोटो बघितला होता. म्हणून तर तुमच्याकडे बदली मागितली. तीन वेळा.”

मेनेझिससाहेबांचा हात हनुवटीवर थांबला. तीन वेळा. तीन वेळा त्यांनीच त्याला थांबवलं होतं, हे त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं.

“काय लागतात तुझ्या?”

वल्लभनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. फार नाही, पापणी लवेपर्यंत.

“अजून काहीच लागत नाहीत,” तो म्हणाला.

मग त्याला टेबल सोडायला सांगितलं. त्यानं हात पुढे केले, तळवे उताणे केले, पालथे केले, वर छताकडे, जिथे काळ्या काचेचा डोळा होता तिकडे दाखवले. या हातांत काही नाही, यातून काही गेलेलं नाही. मघाशीही त्यानं हेच दाखवलं होतं, आणि मी त्याला कामाचा कंटाळा समजले होते. तो गेला. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

माझी सगळी चौकशी लवकर आटोपली. वरच्या डोळ्यानं पाहिलेलं त्यांनी पाहिलं. मेनेझिससाहेबांनी स्वतः येऊन माफी मागितली, खुर्ची दिली, पाणी पुढे केलं. मी पाणी घेतलं नाही, उपास होता. “त्याचं काय होईल?” मी विचारलं.

“चौकशी. तोवर त्याला टेबलावर उभं राहता येणार नाही. मग वरचे काय ते ठरवतील.” ते थोडे घुटमळले. “मीच त्याला बदलायला हवं होतं. मी ते लिहून देईन.”

निघताना मी त्या टेबलाकडे पाहिलं. पत्त्यांचा सगळा कॅट गोळा करून घेऊन चालले होते. माझी राणी वेगळी एका पाकिटात होती. बोटीची तीन पानं कुणी उघडलीच नाहीत. त्यात काय होतं ते मला कधी कळलं नाही.

आम्ही होडीत बसलो. मांडवीवर अंधार पडला होता, पुलावरचे दिवे पाण्यात हलत होते. मी डोळे मिटून स्तोत्र म्हटलं. उशिरा म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

“ताई,” काठ जवळ आला तसा तो म्हणाला, “पोराची नोकरी गेली बहुतेक.”

“हो.”

“एक शब्द फिरवला असता तर वाचला असता गो.”

“हो.”

उतरताना त्यानं माझा हात धरला, लहानपणी धरायचा तसा.

अग्रशाळेत हे खाटेवर जागेच होते. मी सगळं सांगितलं, काही न गाळता. पान, पाय, कुंकू, तीन वेळा बदली, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ गुडघे चोळत बसले.

“म्हणजे आता तो बिनकामाचा,” ते म्हणाले.

“सध्या.”

“उद्या कौलाचं सांगून ठेवलंय पुजाऱ्याला. सकाळी लवकर या म्हणालाय.”

“हं.”

“आणि पाकळी डावीकडची पडली तर?”

मी उठले. दिवा मालवला आणि अंग टाकलं, पण झोप कसली. पाय सारखे हलत होते. कुशीवर वळले तरी हलत होते. पहाटे कधी तरी ते आपोआप थांबले, आणि मला कळलं ते का थांबले.

सकाळी गाभाऱ्यापुढे पुजारी ताम्हनात ओल्या पाकळ्या घेऊन बसला होता. देवी नुकतीच न्हालेली, अंगावर पाणी निथळत होतं. “सांगा, काय विचारायचं?” तो म्हणाला. “मुलीचं लग्न ना? मुलाचं नाव, गाव सांगा.”

“वल्लभ केरकर. पेडणे.”

त्यानं पाकळी उचलली.

“विचारायचं नाही, भटजी,” मी म्हटलं. “देवीला सांगायचंय. कौल नको. त्या पाकळ्या पायावर वाहा, आणि माझ्याकडून ओटी भरा.”

पुजाऱ्याचा हात थांबला. त्यानं यांच्याकडे पाहिलं. यांनी खाली मान घालून पिशवीतला नारळ काढला आणि पुढे केला. एका शब्दानं बोलले नाहीत, कबूल केल्याप्रमाणे.

पुजाऱ्यानं पाकळ्या वाहिल्या, ओटी भरली आणि ताम्हनातलं ओलं कुंकू बोटभर उचलून माझ्या कपाळावर थापलं. या वेळी ते पुरतं वाळेपर्यंत मी मान हलवली नाही.